रक्त येतंय म्हणून ब्रश बंद? तिथेच तर चुकतं

"हिरड्यांतून रक्त म्हणजे क जीवनसत्त्व कमी. गोळ्या घ्या, रक्त थांबेपर्यंत ब्रश बंद ठेवा, मीठ-लिंबू चोळा. डॉक्टरकडे दात साफ करू नका, हलायला लागतात." हा संदेश पुन्हा फिरतोय. एकेक दावा घेऊ.

क जीवनसत्त्वाअभावी होणारा स्कर्व्ही खरा आहे, पण त्यासाठी आहारातून ते काही महिने जवळपास नाहीसं व्हावं लागतं. तेव्हा नुसत्या हिरड्या सुजत नाहीत. प्रचंड थकवा येतो, केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके दिसतात, जखमा भरत नाहीत. नेहमीचं कारण फार साधं असतं. हिरडीच्या कडेलगत दातावर नख फिरवा. नखात पांढरट, चिकट काही आलं तर तो प्लाक, म्हणजे जंतूंचा थर. त्याच्याशी लढायला शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवतं, म्हणून हिरडी लाल आणि फुगीर होते. तिचं आतलं अस्तर पातळ होऊन सोलवटतं, आणि मग ब्रश नुसता लागला तरी रक्त येतं. गोळीने हा थर निघत नाही.

ब्रश बंद ठेवण्याचा सल्ला सर्वांत घातक. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं थांबवायला लावलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येतं तीच जागा घासायची, फक्त नीट. मऊ ब्रश 45 अंशांत असा टेकवा की अर्धे केस हिरडीच्या कडेवर आणि अर्धे दातावर येतील. दोन-तीन दात घेऊन जागच्या जागी दहाएक बारीक हेलकावे द्या, मग ब्रश दाताच्या टोकाकडे ओढा. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. तिथे हमखास राहून जातं. दोन दातांच्या फटीत मात्र ब्रशचे केस पोचतच नाहीत. तिथे फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा बारीक धागा, दाताला कवटाळून हिरडीच्या किंचित खाली न्यायचा आणि वर-खाली फिरवायचा, करवतीसारखा ओढायचा नाही. पहिले चार-पाच दिवस रक्त जास्त दिसेल. घाबरून थांबू नका.

लिंबाच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 2 ते 2.5, आणि दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, साधारण 5.5 च्या खालीच विरघळू लागतं. वरून मिठाचे खडे घासायचे, म्हणजे मऊ झालेल्या दाताला कानसच! कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरायला हरकत नाही. ठणका कमी होतो, थर तसाच राहतो.

राहिलं स्केलिंग, म्हणजे डॉक्टरकडे दात साफ करणं. प्लाक दगडासारखा घट्ट झाला की त्याचं किटण होतं आणि ते ब्रशने निघत नाही. म्हणून दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर स्केलिंग करावंच लागतं. अल्ट्रासॉनिक यंत्राचं टोक कंपनाने किटण फोडतं, दात कापत नाही. मग दात का हलतो? किटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणाने शेजारचे दात एकमेकांना लिंपून धरलेले असतात. ते निघाल्यावर फटी दिसतात, सूज उतरून मुळं उघडी पडतात, काही दिवस दात शिवशिवतात. दोष मात्र साफ करणाऱ्याच्या माथी!

काही गोष्टी संदेशात नाहीतच. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं अम्लोडिपिन अशा औषधांनी हिरड्या वाढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. दोन्ही मनाने बंद करायची नाहीत. गरोदरपणात आणि अनियंत्रित मधुमेहात थोड्या प्लाकनेही हिरड्या जास्त सुजतात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये उलट, आजार बळावलेला असूनही रक्त कमी दिसतं. आणि अचानक सगळ्याच हिरड्या सुजल्या, सोबत ताप, अंगावर काळेनिळे डाग असतील, तर स्केलिंगच्या आधी रक्ततपासणी.