इथे इंटरनेटबंदीचा आदेश लागतच नाही

इंटरनेटबंदी म्हटलं की सगळ्यांना काश्मीर नाहीतर मणिपूर आठवतं. कोकण आठवत नाही, कारण इथे बंदी घालावीच लागत नाही. पावसात लाइट गेली की टॉवरच्या बॅटऱ्या बसतात, आणि मग आख्खी वाडी मोबाइल घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर. ‘रेंज गावता काय रे?’ बँकेचा ओटीपी पोचतो तोवर त्याची मुदत संपलेली असते. रेशन दुकानात पॉस मशीन अंगठा घेतं आणि नुसतं फिरत बसतं. रांगेतल्या म्हाताऱ्यांना सांगतात, उद्या या.

काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं, की इंटरनेटवरून बोलणं आणि धंदा करणं याला राज्यघटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे. बंदी घालायची तर आदेश प्रसिद्ध करा, आणि ती बेमुदत नको. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने बंदीचा अधिकार सरकारकडेच ठेवलाय, पण निदान कोर्टात न्यायला एक कागद तरी असतो. आमच्या टॉवरचा आदेश कोणी काढला? कोणीच नाही. मग दाद कोणाकडे मागायची?

आता गंमत बघा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, नियम केला होता, कॉल तुटला की ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या कोर्टात गेल्या आणि मे २०१६ मध्ये तो नियम रद्द झाला. ज्या मुद्द्यांवर झाला त्यात एक होता कंपन्यांचं व्यवसायस्वातंत्र्य. म्हणजे तेच कलम १९! कंपनीच्या मदतीला ते धावून आलं. आमच्या सड्यावर अजून चढायचंय त्याला.

२०२४ च्या ट्रायच्या नियमांत भरपाई आहे म्हणे. आहे, पण जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवलीला रेंज असली की आमची वाडी आठवडाभर मेली तरी कागदावर सगळं सुरळीत. हा हिशोब कुठल्या एसी खोलीत बसून केला देव जाणे. रिचार्जचे दिवस मात्र वाडीतही बरोब्बर मोजले जातात, त्यात एक तास इकडेतिकडे नाही!

माझं म्हणणं एवढंच, हिशोब जिल्ह्याचा नको, टॉवरचा करा. कुठला टॉवर कधी बंद पडला, का पडला, कधी चालू झाला, हे लोकांना बघता येईल असं जाहीर करा. सरकारला कारण लिहून द्यावं लागतं, मग कंपनीला का नको?