पडावातून पुन्हा एकदा

आमच्या अप्पांच्या लहानपणी मुंबईहून येणारी आगबोट हर्णैला खोल पाण्यातच उभी राहत असे आणि तिथून पडावात म्हणजे लहान होडीत, पडावातून खलाशाच्या खांद्यावर व खांद्यावरून वाळूत, असे प्रवाशाचे हप्त्याहप्त्याने आगमन होई. त्या धसक्याने गेली पन्नास वर्षे त्यांनी बोटीत पाय ठेवला नव्हता. तरीही सिडनीच्या माझ्या बहिणीने क्रूझची तिकिटे काढली तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत, कारण पैसे जावयाचे होते.

तीन दिवस नुसते पाणी पाहिल्यावर पॅसिफिकमधल्या व्हानुआतू देशाच्या दक्षिण टोकाचे इनयेउग बेट दिसले. क्रूझवाले त्याला ‘मिस्ट्री आयलंड’ म्हणतात. बोट अर्थातच खोल पाण्यात थांबली आणि नंबरवारीने आम्हाला लहान बोटींत उतरवू लागले. “हर्णैला मासळी उतरवतात तशी आपली तऱ्हा,” आई म्हणाली. तिने न्याहारीच्या टेबलावरून पदराआड आणलेली चार केळी दारातच काढून घेण्यात आली, कारण बेटावर बाहेरची फळे नेता येत नाहीत. त्यानंतर दिवसभर तिला फक्त ती केळीच आठवत होती. पलीकडच्या धक्क्याला लागल्यावर अप्पांनी खलाशाकडे निरखून पाहिले आणि मला विचारले, “हे खांद्यावर घेत नाहीत होय?”

बेटावर वस्ती नाही. आहे ती दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी. बोट येणार त्या दिवशी शेजारच्या अनैत्युम बेटावरचे लोक होड्यांतून येतात, दुकाने मांडतात आणि संध्याकाळी गुंडाळून परत जातात. त्यांनी एक भलामोठा हंडाही ठेवला आहे. पूर्वी इथे माणसे शिजवून खात, या कीर्तीची स्वतःच थट्टा करत ते प्रवाशांना त्यात बसवून फोटो काढू देतात, अर्थात पैसे घेऊन. मुले टुणकन आत बसली. आईने मात्र कडेवरून बोट फिरवून पाहिले आणि हंडा घासलेला नाही, असा निकाल दिला.

खरा प्रसंग शहाळ्यापाशी उद्भवला. पाच ऑस्ट्रेलियन डॉलर म्हणजे किती, हे अप्पांनी तीन वेळा विचारले आणि मग आंजर्ल्याच्या वाडीत यंदा गड्याअभावी किती शहाळी माडावरच सुकली याचा हिशेब, समोरच्या बाईंना मराठी येत नसूनही, त्यांना सविस्तर ऐकवला. बाईंनी हसत कोयत्याच्या एका घावात शहाळे उघडून दिले. तो घाव पाहून अप्पा विरघळले. त्यांनी आणखी पाच डॉलर माझ्या खिशातून देऊन रोपासाठी एक पक्का नारळ घेतला आणि उरलेला दिवस, आम्ही पोवळी बघत असताना, तो मांडीवर घेऊन बसले.

बोटीवर चढताना तपासणीत तो नारळ बाजूला काढण्यात आला. अप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि “मग माझे पाच डॉलर?” असे म्हणून ते दारातच उभे राहिले. आमच्यामागे दीड-दोनशे माणसे उन्हात खोळंबली होती आणि त्यांपैकी एका गोऱ्या बाईंना माझी पत्नी सांगत होती की, ही मंडळी आमच्याबरोबरची नव्हेत.