प्रिंट धूसर येते, पण पंप नाही म्हणून नव्हे

आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या सायनोटाइप (उन्हाच्या यूव्ही किरणांनी कागदावर निळे फोटो छापण्याची जुनी पद्धत) करणाऱ्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: ‘व्हॅक्यूम फ्रेमशिवाय काँटॅक्ट प्रिंट शार्प येत नाही. साधी काच यूव्ही अडवते. काच जाड तेवढी चांगली.’ काँटॅक्ट प्रिंट म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, वरून काचेनं दाबून काढलेली प्रिंट; व्हॅक्यूम फ्रेम म्हणजे मधली हवा पंपानं काढून ती दोन्ही घट्ट चिकटवणारी चौकट. हे वाचून दोघांनी पंपाच्या किमती विचारल्या, म्हणून लिहितोय.

आधी काचेचं. खिडकीची साधी काच अडवते ती आखूड लहरींची यूव्ही. सायनोटाइपला लागणारी 350 ते 400 नॅनोमीटरची किरणं तिच्यातून बरीचशी पार होतात. खरी अडवते ती लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमधला प्लास्टिकचा थर. मी त्यात फसलोय. ‘मजबूत आहे, न्या’ म्हणून दुकानदारानं दिलेला तुकडा भर दुपारी गच्चीवर वीस मिनिटं ठेवला. धुतल्यावर कागद जवळजवळ कोरा, आणि काच जिथं संपली होती तिथं बोटभर गर्द निळी पट्टी! शिवाय व्हॅक्यूम फ्रेमलाही वर काचच असते, खाली रबर. मग ती यूव्ही कुठून घेते?

आता शार्पनेस. निगेटिव्ह आणि कागद यांच्यात फट राहिली तर प्रिंट धूसर होते, इथपर्यंत मेसेज बरोबर. पण किती धूसर, ते उजेड कुठून येतो यावर ठरतं. सूर्यबिंब आपल्याला जेमतेम अर्धा अंश दिसतं, त्यामुळे 1 मिलिमीटर फटीतही थेट उन्हाची कड शंभरांश मिलिमीटरनंच पसरते. आभाळ भरलं की उजेड चहूबाजूंनी येतो आणि तीच फट रेषेचा पार चिखल करते. जूनपासून आपल्याकडं तेच होतं, आणि बोल लागतो बिचाऱ्या काचेला. ट्यूबलाइटच्या यूव्ही पेटीतही तोच प्रकार. आणि निगेटिव्हची छापलेली बाजू वर ठेवली, तर फिल्मची जाडी हीच फट झाली. ती कुठला पंप काढणार?

जाडीचं थोडक्यात. वजनानं काम होत नाही. कडेला चार चिमटे लावले की काच मधे उचलते, आणि पातळ काच जास्त. 5 मिलिमीटरची काच, खाली प्लायवूड, मधे फोमचा तुकडा. 8×10 इंचाला एवढं पुरतं. 1842 मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं सायनोटाइप काढला, पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स शेवाळांच्या प्रिंट काढू लागली; विजेचा पंप दोघांकडंही नव्हता. उलट मागून अर्धी उघडणाऱ्या फ्रेममध्ये रंग किती चढला ते मधेच बघता येतं. व्हॅक्यूम सोडला की निगेटिव्ह हललीच समजा.

पंपाचा जोर मात्र खोटा नाही. बेळगावच्या उंचीवरही हवा दर चौरस सेंटिमीटरला 900 ग्रॅमच्या वर दाबते. निम्मी हवा काढली तरी 8×10 वर दोनशे किलोंहून जास्त भार, तोही सगळीकडं सारखा. गमप्रिंटचा (डिंकात कालवलेला रंग थरावर थर चढवून छापतात तो) कागद तीन-चारदा पाण्यातून निघून पापडासारखा झाला असेल, नि आकार 16×20 चा, तर मीही पंपच घेईन. विकत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडं असतो, आणि सीझन संपला की तो नाही म्हणत नाही.