ग्रँट रोडची नाट्यशाळा मराठी नाटकासाठी बांधलेली नव्हती

मुंबईच्या ग्रँट रोडवर एके काळी उभ्या असलेल्या नाट्यशाळेविषयीचा एक मजकूर मराठी रंगभूमी दिनाच्या सुमारास हटकून फिरू लागतो. त्याचा आशय असा, की गोऱ्यांच्या नाट्यगृहात एतद्देशीयांना मज्जाव असल्यामुळे नाना शंकरशेट यांनी १८४६ मध्ये स्वखर्चाने, खास मराठी नाटकासाठी, आशियातील पहिले नाट्यगृह उभारले. पहिले मराठी नाटक तिथेच झाले. आणि त्याच वास्तूचे पुढे रॉयल ऑपेरा हाउस झाले. यातील १८४६ हे साल आणि नानांचा संबंध एवढेच खरे आहे.

आशियातील पहिलेपणाचा दावा फार वेळ घेण्यासारखा नाही. खुद्द मुंबईतच, कोटातल्या (म्हणजे आजच्या फोर्ट भागातल्या) हिरवळीवर, १७७६ मध्ये बाँबे थिएटर उभे राहिले होते. कलकत्त्यात त्याच्याही आधीपासून इंग्रजांची नाट्यगृहे होती, आणि जपानातील काबुकीच्या नाट्यगृहांचा इतिहास तर सतराव्या शतकापर्यंत मागे जातो. ऑपेरा हाउसची कथाही तशीच. ती वेगळ्या जागेवरची, विसाव्या शतकातील वास्तू आहे. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका यांनी ती उभारली आणि १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नानांचे निधन १८६५ मधले, हे ध्यानात घेतले असते तरी हा घोळ झाला नसता.

नाट्यशाळा कोणासाठी बांधली, हा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा. कोटातले जुने थिएटर कर्जात बुडाल्यावर १८३५ मध्ये विकले गेले आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी ते घेतले. कर्ज फिटून उरलेली रक्कम सरकारकडे जमा होती. शहराला पुन्हा नाट्यगृह हवे, असा अर्ज १८४० मध्ये सरकारकडे गेला, त्यामागे युरोपीय होते तसेच नानांसारखे एतद्देशीय धुरीणही होते. नानांनी ग्रँट रोडवरील आपली जमीन दिली आणि १८४६ च्या फेब्रुवारीत नाट्यशाळेचा पडदा वर गेला तो इंग्रजी नाटकासाठी. म्हणजे नानांचे औदार्य खरे, परंतु ते जमिनीचे आणि पुढाकाराचे आहे. मज्जावाला दिलेले एकट्याचे उत्तर असे त्याचे रूप नव्हते.

इंग्रजी नाटकाला ती जागा मानवली नाही. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचे नाव मिळालेला तो रस्ता तेव्हा नवा आणि कोटापासून लांब होता, त्यामुळे रात्री गाडी जुंपून तिथवर जाणारा साहेबवर्ग हळूहळू आटत गेला. गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वर या वस्त्या मात्र हाकेच्या अंतरावर होत्या. रिकामी राहणारी नाट्यशाळा भाड्याने मिळू लागली आणि देशी मंडळींचा तिथे प्रवेश झाला तो या व्यवहारातून.

आता पहिल्या मराठी नाटकाविषयी. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये सांगलीत, तिथले संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखाली झाले. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यावर तसेच काही मराठीत करावे, अशी आज्ञा आप्पासाहेबांनी भाव्यांना केली होती. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो या सांगलीच्या प्रयोगासाठी, आणि नेमक्या त्याच दिवशी हे श्रेय ग्रँट रोडला बहाल करणारा मजकूर पुढे ढकलला जावा, याची गंमत वाटते. (तंजावरचे राजे दुसरे शहाजी भोसले यांची त्याहून जुनी मराठी नाटके जमेस धरली, तर सांगलीचे पहिलेपणही वादाचे ठरते.) १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले, राजाश्रय सरला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे भाग पडले. अशा फिरतीवर ते १८५३ मध्ये मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या नाट्यशाळेत त्यांचे खेळ झाले.

ते खेळ कसे होते, हेही डोळ्यांपुढे आणावे. सगळी पदे सूत्रधार मृदंगाच्या साथीवर गात असे. पात्रे त्याच्या पदांना धरून उत्स्फूर्त गद्य भाषणे करीत. आरंभी गणपती येई, मोरावर बसून सरस्वती येई, आणि मग राक्षसांची ती आरोळ्यांची धामधूम, जिच्यावरून अशा नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले गेले. इंग्रजी नाटकाच्या पडद्यांनी सजलेल्या रंगमंचावर हे सारे तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे झाले. सांगलीत खेळाचा खर्च संस्थान सोसत होते. इथे तो प्रेक्षकांच्या खिशातून निघायचा होता. ग्रँट रोडच्या नाट्यशाळेचे मराठी रंगभूमीवरील खरे ऋण माझ्या मते हे आहे, आणि ते मजकुरात नेमके गाळले आहे.

राहता राहिला ‘मराठी’ या शब्दावरील जोर. त्याच १८५३ च्या ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने याच रंगमंचावर रुस्तुम आणि सोहराब यांचे कथानक गुजरातीत सादर केले, आणि नोव्हेंबरात खुद्द भाव्यांनी ‘राजा गोपीचंद’ हिंदुस्थानीत केले. पारशी रंगभूमीचे अभ्यासक आपला इतिहास याच इमारतीपासून मोजतात, आणि त्यांचा तो हक्क मराठी माणसाने नाकारण्याचे काही कारण नाही.