कोल्हापुरीची हातशिलाई म्हणजे केवळ भावनेची किंमत नव्हे

2025च्या जून महिन्यात मिलान येथे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला झळकल्या आणि आपल्याकडे या चपलेविषयी एकाएकी पुष्कळ बोलले जाऊ लागले. त्या चर्चेत एक मत हातोहात पुढे पाठवले जाते. मशीनची शिलाई हातशिलाईपेक्षा मजबूत आणि एकसारखी असते, जगातले उत्तम चामडी बूटही मशीनवरच शिवले जातात, त्यामुळे हातशिलाईला जादा पैसे देणे ही निव्वळ भावना आहे आणि कोल्हापुरी मशीनवर शिवली तरच कारागीर तगेल, असे त्याचे सार आहे. कारागिराचे भले व्हावे ही इच्छा त्यामागे असेलही. परंतु यातले जवळजवळ प्रत्येक विधान चप्पल उलटी करून तिचा तळ पाहिला की डळमळू लागते.

आधी मजबुतीचे पाहू. नेहमीच्या शिलाई मशीनच्या टाक्यात दोन धागे असतात, एक सुईतला वरचा आणि एक बॉबिनमधला खालचा. हे दोन धागे चामड्याच्या जाडीत एकमेकांत अडकतात, म्हणजे कोणताही धागा चामडे पूर्ण पार करून पलीकडे जात नाही. चालताना जमिनीकडचा धागा झिजून तुटला की वरच्या धाग्याला खालून धरून ठेवणारे काही उरत नाही आणि शेजारचे टाकेही सैल पडू लागतात. दोन सुयांनी घातलेल्या हातटाक्यात दोन्ही धागे प्रत्येक भोकातून आरपार जातात; त्यामुळे एक तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो.

पारंपरिक कोल्हापुरीच्या तळाची गोष्ट तर याहून वेगळी आहे, कारण तेथे धागाच नसतो. तळाचे थर वादीने, म्हणजे चामड्याच्याच अरुंद पट्टीने, शिवलेले असतात. कारागीर वादीचे टोक रापीने तिरपे कापून निमुळते करतो, आरीने तळाला भोक पाडतो, वादी त्यातून ओवून जोर लावून ओढतो आणि ठोकून बसवतो. वादी भोकात दाटून बसते आणि तळाचे चामडे जसे पाण्याने फुगते, उन्हाने आटते, तेलाने मऊ होते, तशीच तीही होते. नायलॉनचा धागा असा वागत नाही. चामडे मऊ पडले, तरी ताणलेला बारीक धागा तेवढाच कडक राहतो आणि वाकणाऱ्या जागी हळूहळू चामड्यालाच कापत जातो. शिलाईच्या नेहमीच्या मशीनला धागा लागतो, वादी चालत नाही. म्हणून ‘तीच चप्पल, फक्त मशीनवर शिवलेली’ हे वर्णनच चुकीचे आहे. जोडणीचे साहित्य बदलले की वस्तू बदलते.

एकसारखेपणाचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे. मशीनचे टाके सरळ आणि समान अंतरावर पडतात, यात वाद नाही. मात्र म्हशीचे कातडे सगळीकडे सारखे नसते. पाठीकडचे दाट आणि घट्ट असते, पोटाकडचे सैल आणि ताणले जाणारे असते, आणि बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेल्या कातड्यात हा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. अनुभवी हात घट्ट भागात टाका जोराने ओढतो आणि सैल भागात थोडा राखून, कडेपासून किंचित आत घेतो. मशीनवर ताण एकदा ठरवला की तो साऱ्या शिवणीला सारखाच लागतो. शिवाय टाके दिसायला सुबक म्हणून जवळजवळ घेतले, तर सुईच्या भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते आणि चामडे नेमके त्या रेषेवर फाटते. तळाच्या शिवणीत समान अंतर हा दर्जाचा पुरावा मानणे मला म्हणूनच मुळात पटत नाही.

जगातल्या उत्तम बुटांचा दाखला अर्धाच खरा आहे. अमेरिकेत लायमन ब्लेक याने 1858 मध्ये बुटाचा तळ वरच्या भागाला शिवणाऱ्या मशीनचे पेटंट घेतले आणि पुढे गुडइयर वेल्ट पद्धतीची मशीने आली (वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची पट्टी, जिला तळ शिवतात), हे खरे. पण ही मशीने हाताचेच काम भरभर करू लागली असे झाले नाही. मशीनला जमावे म्हणून बुटाची रचना बदलावी लागली. हाताने वेल्ट शिवणारा कारागीर आतल्या जाड चामडी तळाला कोरून त्यातच एक कड उभी करतो आणि टाका त्या कडेतून घेतो. गुडइयर पद्धतीत बहुधा त्या कोरलेल्या कडेच्या जागी कापडाची पट्टी गोंदाने चिकटवलेली असते आणि टाका त्या पट्टीतून जातो, म्हणजे सारी भिस्त अखेर गोंदावर येते. तसे मशीनवरचे बूट वाईट नसतात, अनेक तर वर्षानुवर्षे टिकतात. तरीही हाताने वेल्ट शिवणारे कारागीर युरोपात आणि जपानमध्ये आजही काम करतात आणि त्या कामाची वेगळी किंमत घेतात.

मशीनचे श्रेय मी नाकारत नाही. पातळ चामडे, अस्तर, बुटाचा वरचा भाग, पिशव्या यांवर मशीनची शिलाई उत्तम होते आणि तेथे हाताचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. हाताने शिवलेले म्हणून सगळेच चांगले असेही नाही. सैल वादी आणि कच्चे कमावलेले चामडे यांची चप्पल पहिल्याच पावसात उसवते. माझा आक्षेप आहे तो तळाच्या शिवणीबाबतच्या सरसकट विधानाला.

कारागीर तगेल, हा दावा सर्वांत गंभीर आहे, कारण तो माणसांच्या पोटाशी संबंधित आहे. कोल्हापुरीचे काम आजही मोठ्या प्रमाणात घराघरांत चालते आणि वेणी विणणे, वादी ओवणे, शिवणे यांत बायकांचा वाटा मोठा आहे. जाड तळ शिवणारे मशीन महाग असते. त्याला जागा लागते, वीज लागते आणि देखभालही लागते. ते घरात येत नाही, भांडवल असलेल्याच्या कारखान्यात जाते आणि घरी बसून शिवणाऱ्या बाईचे काम त्याच्यामागून निघून जाते. शिवाय कारागिराची अडचण शिलाईच्या वेगापुरती नाही. कमावलेल्या कातड्याचा भाव, 2015च्या गोवंश हत्याबंदीनंतर आटलेला बैलाच्या कातड्याचा पुरवठा, मधल्या व्यापाऱ्याचा वाटा आणि कोल्हापुरीच्या नावाने विकले जाणारे रेक्झिनचे जोड यांनी तो पिचला आहे. यातल्या एकाही गोष्टीवर शिलाई मशीन हा उपाय नाही.

उलट मशीनची वाट धरली तर कारागिराच्या हातातली एकमेव वेगळी गोष्ट जाते. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात आहेत. या नावामागे वनस्पतिजन्य कमावणी आणि हाताची घडण आहे. तीच सोडली, तर कोणत्याही शहरातला कारखाना तशीच चप्पल अधिक स्वस्तात काढील आणि त्या स्पर्धेत घरगुती कारागीर पहिल्याच हंगामात मागे पडेल.

ग्राहकाला फरक ओळखणे अवघड नाही. तळ उलटा करून पाहावा. वादीची शिवण असेल तर चामड्याच्याच रंगाचे रुंद, चपटे टाके दिसतात आणि त्यांच्या अंतरात थोडा फरक असतो. मशीनची शिवण खाचेत बसलेल्या बारीक धाग्याची असते. काही स्वस्त जोडांत तर टाके नुसते साच्यात उठवलेले असतात. नखाने उचकून पाहिले की धागा नाहीच हे लगेच कळते. दुकानदारांनी ‘तळ हाताने वादीने शिवलेला’ किंवा ‘मशीनने शिवलेला’ एवढे जोडावर स्पष्ट लिहावे आणि दोन्हींचे दर वेगळे लावावेत. ज्याला स्वस्त जोड हवा तो तो घेईल, पण हातशिलाईचे पैसे देणाऱ्याला हातशिलाईच मिळेल आणि ते पैसे ज्याने वादी ओढली त्याच्यापर्यंत पोहोचण्याची निदान सोय होईल.