'भीती वाटली' म्हटलं की खून माफ? त्या मेसेजचा समाचार

'नवा कायदा आला, आता घाबरू नका' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. इंग्रजांनी हिरावलेला आत्मरक्षणाचा हक्क तिने परत दिला. कलम ३४ ते ४४ नुसार कोणी शिवीगाळ केली, गाडी अडवली, अंगावर हात टाकला तर त्याला जागीच संपवता येतं. 'जिवाची भीती वाटली' एवढंच सांगायचं. पोलीस एफआयआर लिहू शकत नाहीत, अटक तर नाहीच. घरात, दुकानात, गाडीत शिरणाऱ्यालाही तोच न्याय. बायकांना कलम २३३ ने ठार मारण्याचा 'सर्वोच्च अधिकार' दिलाय. आणि शेवटी, हे आपल्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचवा.

पोहोचला. माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला. वय १९, सुदामानगरहून भंवरकुआंपर्यंत रोज स्कूटरने कॉलेजला जातो. आता डिकीत हातभर लांब लोखंडी रॉड ठेवतो आणि आई ओरडली की सांगतो, "अगं, आता कायदाच आहे." मेसेज पाठवणारे आमचे नात्यातले काका सत्तरी उलटलेले आहेत. ते काही रॉड घेऊन चौराह्यावर उभे राहणार नाहीत. त्यांनी नुसता अंगठा दाबला.

इंग्रजांचा मुद्दा आधी उरकते, कारण त्यात काही दम नाही. हा हक्क हिरावणं दूरच, कागदावर लिहून ठेवला तो इंग्रजांनीच. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ हेच होतं. नव्या संहितेने तेच जवळपास शब्दशः उचलून ३४ ते ४४ या आकड्यांखाली ठेवलं. 'रात्रीची घरफोडी' होती तिथे 'सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी' असं झालं, असले फरक आहेत. म्हणजे जे आजोबांच्या काळी चालत नव्हतं ते आजही चालत नाही.

आता मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ: 'भीती वाटली' एवढंच सांगायचं.

समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत आत्मरक्षणाचा हक्क कधी ताणता येतो, याचे सात प्रसंग कलम ३८ मध्ये मोजून दिले आहेत. हल्ला असा हवा की त्यातून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती वाटेल. किंवा तो बलात्काराच्या, अनैसर्गिक वासनेच्या, पळवून नेण्याच्या इराद्याने केलेला हवा. किंवा असं कोंडून ठेवण्यासाठी, की पोलिसांपर्यंत जाण्याचा मार्गच बंद व्हावा. आणि सातवा ॲसिडहल्ला, जो २०१३ साली जोडला गेला. 'गंभीर दुखापत' म्हणजे काय तेही कायदाच सांगतो: हाड मोडणं, दात पडणं, डोळा किंवा कान कायमचा जाणं, या पातळीचं. या यादीत शिवी नाही. कॉलर धरणं नाही. आरसा फोडणं नाही. 'जानता नहीं मैं कौन हूँ' हे तर नाहीच नाही. अंगावर साधा हात पडला तर कलम ३९ खाली अडवा, ढकला, वेळ पडली तर उलट हात चालवा, पण जीव घ्यायची परवानगी नाही.

त्यावर कलम ३७ ची कुलपं आहेत. पोलिसांकडे जायला वेळ होता, तर हक्क नाही. बचावाला जेवढं लागतं त्याहून जास्त इजा केली, तर तेवढ्या जास्तीला हक्काचं छत्र नाही. आणि कलम ४० म्हणतं की धोक्याची वाजवी भीती सुरू झाली की हक्क सुरू, भीती संपली की हक्कही संपला. समोरच्याने पाठ फिरवली, पडला, पळाला, की त्यानंतरचा फटका बचाव राहत नाही.

हे आपल्या रस्त्यावर आणून बघा. पाटनीपुऱ्याच्या चौराह्यावर संध्याकाळी दोन स्कूटर घासतात. "भिया, दिखता नहीं क्या?" मग आईबहीण, मग कॉलर, मग एक थप्पड. इथपर्यंत कोणाच्याही जिवाला धोका नाही. आता आमचा मुलगा मागे वळतो, स्कूटरपाशी जातो, किल्ली लावतो, डिकी उघडतो, रॉड काढतो आणि परत येतो. तो फटका डोक्यात बसला आणि समोरचा मेला, तर सरकारी वकील त्या पाच-सात पावलांवरच बोट ठेवेल. मागे फिरता येत होतं तर स्कूटर सुरू करून निघून का नाही गेलास? त्याचं उत्तर माझ्या भाच्याकडे नाही आणि मेसेज लिहिणाऱ्याकडेही नाही.

वर आणखी एक. हक्क ओलांडून मारलं तरी प्रत्येक वेळी खूनच धरतात असं नाही. कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाप्रमाणे, सद्भावनेने बचाव करता करता हात जास्त चालला, तर तो सदोष मनुष्यवध होतो, ज्याला इथले हिंदी पेपर गैर-इरादतन हत्या म्हणतात. पण त्यासाठी दोन अटी आहेत: आधी ठरवलेलं नसावं, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा इरादा नसावा. डिकीत मुद्दाम आणून ठेवलेला रॉड पहिल्या अटीला कितपत टिकेल? आणि टिकलाच, तरी कलम १०५ खाली मारण्याचा इरादा धरला गेला तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं. म्हणजे कॉलेज, नोकरी, सगळं गेलं.

रॉडऐवजी चाकू ठेवतो म्हणणारे महाभागही ग्रुपवर आहेत. मध्य प्रदेशात १९७४ ची अधिसूचना आहे: सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक ठिकाणी बाळगणं बंद, आणि खटक्याचा चाकू तर कितीही लहान असला तरी. भांडण न होताच आर्म्स ॲक्टची केस लागते. चाकूबाजीच्या बातम्यांनी हैराण झालेल्या या शहरात टीआय साहेब, म्हणजे थान्याचे प्रमुख, 'आत्मरक्षणासाठी ठेवलाय' हे ऐकून चहा पाजतील, अशी आशा कोणी करू नये.

आणि एक साधी गोष्ट कोणाच्याच डोक्यात येत नाही. हा मेसेज समोरच्या स्कूटरवाल्याच्या मोबाइलवरही आहे. त्यालाही 'भीती वाटणार' आहे. मग दोघांनीही एकमेकांना मारण्याचा हक्क कायद्याने दिला म्हणायचं का? कायदा असा वेडा नाही. समोरचा करतोय ते कृत्य मुळात गुन्हा असेल तरच तुम्हाला बचावाचा हक्क आहे. दोघेही आपखुशीने भिडले असतील तर बहुधा कोणालाच नाही.

आता जे खरं आहे ते मान्य करावं लागेल. मेसेजमध्ये सुप्रीम कोर्टाचा मोघम उल्लेख आहे. काही वकील मंडळी त्यावर 'बरोबर आहे' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा दर्शनसिंह विरुद्ध पंजाब राज्य हा २०१० चा निकाल असतो. शेतजमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत जुंपली, वडिलांच्या डोक्यात गंडाशाचा (लांब दांड्याच्या कोयत्यासारखं हत्यार) घाव बसला आणि मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. सोडताना या हक्काची दहा सूत्रं सांगितली. त्यातली काही मेसेजवाल्यांना आवडतील अशीच आहेत. हल्ला होईपर्यंत थांबायची गरज नाही, वाजवी भीती पुरे. अंगावर चालून आलेल्याला किती जोराने मारायचं याचा गणिती हिशोब त्या क्षणी कोणी करू शकत नाही, कोर्टानेही तो मागू नये. आरोपीने स्वतः हा बचाव घेतला नाही तरी पुराव्यातून दिसत असेल तर कोर्ट तो विचारात घेईल. शिवाय जीव वाचवायला पळूनच गेलं पाहिजे, अशी सक्ती आपल्या कायद्यात नाही, हेही खरं.

पण त्याच सूत्रांमधली बाकीची वाक्यं मेसेजमधून कशी काय गळतात? संकट अचानक ओढवलेलं हवं आणि ते तुम्ही स्वतः ओढवून घेतलेलं नको. बळ गरजेच्या मानाने अगदीच बेसुमार नको. सूड उगवायला हा हक्क नाही. आणि त्या माणसाचा प्रवास बघा: खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, हायकोर्टाने खुनाचा दोषी ठरवलं, तेव्हा कुठे सुप्रीम कोर्टाने सोडवलं. वडिलांच्या डोक्यात गंडासा बसताना पाहिलेल्या मुलाला एवढं करावं लागलं. थप्पड खाल्लेल्याचं काय होईल ते सांगायला नको.

यातच 'एफआयआर लिहू शकत नाहीत' या मुद्द्याचंही उत्तर आलं. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळाली की पोलिसांना एफआयआर नोंदवावीच लागते, हे ललिता कुमारी प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ साली सांगितलंय. तुम्ही बचावात मारलं की रागात, हे कोर्ट ठरवतं, थाना नाही. अपवादात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम १०८ प्रमाणे आरोपीवर आहे. ती फिर्यादी पक्षाइतकी कडक नसते, 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं दाखवलं तरी चालतं. पण दाखवायचं कुठे, तर सत्र न्यायालयात. तोवर जामीन मिळेल की नाही हे कोण सांगणार?

घर-दुकानाचं थोडक्यात. कलम ४१ मध्ये मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंतचा हक्क आहे, पण तो लुटीत, रात्रीच्या घरफोडीत, राहत्या घराला आग लावण्यात, किंवा चोरी-घुसखोरीतून जिवाला धोका वाटावा अशा परिस्थितीत. दिवसाढवळ्या दुकानातून माल उचलून पळणारा यात बसत नाही. मोबाइल ओढून पळणाऱ्या पोराला गाठून डोकं फोडणाराही नाही.

आणि कलम २३३! हा नमुना जुनाच आहे, दंड संहिता होती तेव्हापासून हाच आकडा फिरतोय. तेव्हाचं २३३ खोटी नाणी पाडण्याची अवजारं बनवण्या-विकण्याबद्दल होतं. नव्या संहितेतलं २३३ आहे खोटा पुरावा खोटा माहीत असून वापरण्याबद्दल. निदान या वेळी आकडा मेसेजला शोभणारा निघाला म्हणायचं. यात चीड येते ती वेगळ्याच कारणाने. बलात्काराच्या हल्ल्यात हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क बाईला खरोखर आहे, कलम ३८ मध्ये आहे, आणि १८६० पासून आहे. तो खरा आकडा कोणीच फिरवत नाही. उद्या एखाद्या मुलीने थान्यात २३३ चं नाव घेतलं तर समोरचा हवालदार हसेल आणि तिचं खरं म्हणणंही हसण्यावारी जाईल.

मेसेजसोबत फिरणाऱ्या व्हिडिओत कोणी इंग्रजीत 'स्टँड युअर ग्राउंड' ओरडतो. ते अमेरिकेतलं आहे, फ्लोरिडाने २००५ साली केलेला कायदा. तिथेही आधी कळ काढणाऱ्याला तो सहसा वाचवत नाही. आपल्या चौराह्याशी त्याचा संबंध काय?

"मग मावशी, मार खायचा का?" असं भाच्याने विचारलं. नाही खायचा. ढकल, हात अडव, ओरड, माणसं गोळा कर, निघून जा, ११२ लाव. आणि मार बसलाच तर त्याच रात्री सरकारी दवाखान्यात जाऊन जखमेची वैद्यकीय नोंद करून घे. घरी हळद लावून झोपू नकोस. बिहारच्या लक्ष्मीसिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९७६ साली म्हटलंय की आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमा कशा झाल्या हे फिर्यादी पक्षाने सांगितलंच नाही, तर त्याच्या कथेवर संशय येतो. तो कागद हातात असेल तर वकिलाला धरायला काहीतरी मिळतं. रॉड त्याच्या आईने भंगारवाल्याला दिला.