मालकाकडून उत्तर : साडेचार तास कुठे गेले

नमस्कार,

तुमचे दोन तारे पाहिले, अभिप्रायही दोनदा वाचला. आमच्याकडून घेतलेल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, सॅन अँटोनिओजवळ पहिल्याच पावसात पुढच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि गादी भिजली, त्याबद्दल माफी मागतो. चूक आमची. छतावरचं सीलंट आम्ही नवीन भरलं होतं, पण कोपऱ्याच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीखालची ब्यूटिल टेप (फटीतून पाणी शिरू नये म्हणून लावतात तो चिकट थर) आमच्या इथल्या ट्यूसॉनच्या उन्हात वाळून कडक झाली होती. पट्टीतली फीत ओढून स्क्रू काढल्याशिवाय ती दिसत नाही. ओलाव्याच्या मीटरने कोरडं दाखवलं, कारण पाऊसच पडला नव्हता. वाळवंटातल्या ट्रेलरची हीच गोम : लाकूड ठणठणीत, सील गेलेलं. ह्यूस्टनला दुरुस्ती करून बिल पाठवा, आम्ही भरू.

पण "साडेचार तास मुलाबाळांना उन्हात ताटकळत ठेवलं आणि वर सामान गळ्यात मारलं" हे मात्र गप्प बसून ऐकून घेता येत नाही.

वेळ सकाळी 11 ची होती. तुम्ही 3:40 ला आलात. हजार मैलांचा रस्ता आहे, उशीर होतो, तक्रार नाही. शनिवारी आम्ही 5 ला बंद करतो. आगाऊ रक्कम घेताना पाठवलेल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं : तुमच्या गाडीला ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक जोडायला 7 पिनचं सॉकेट, ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा ब्रेक कंट्रोलर, आणि ट्रेलर ज्यावर अडकतो तो 2 5/16 इंची बॉल हवा. तुमच्या गाडीला निघाला 4 पिनचा चपटा प्लग आणि 2 इंची बॉल. त्या प्लगमधून फक्त दिवे चालतात, ब्रेकची तार त्यात नसतेच.

2 इंची बॉलवर हा कपलर (ट्रेलरच्या तोंडाची, बॉलवर बसणारी वाटी) बसतो, खटकाही पडतो. "बसलं की!" असं तुम्ही म्हणालात. मग आमच्या मुलाने जॅकने ट्रेलरचं तोंड थोडं उचललं. खटका लागलेला होता तसाच, आणि कपलर बॉलवरून अलगद सुटून वर आला. हे तुमच्यासमोर झालं. आय-10 महामार्गावर एखाद्या दणक्याने झालं असतं तर?

ब्रेक कंट्रोलरसाठी तुमच्या गाडीत तयार जोडणी नव्हती. बॅटरीपासून 30 अँपिअरचा ब्रेकर घालून मागपर्यंत तार ओढावी लागली, त्यातच अडीच तास गेले. नंतर मागच्या रस्त्यावर 25 मैलांच्या वेगाने कंट्रोलरवरून हाताने ट्रेलरचे ब्रेक दाबून, चाकं लॉक व्हायच्या जरा आधी थांबेल इतका जोर बसवला. सुटे भाग आमच्या खरेदीच्या भावाने दिले. मजुरीचा एक डॉलर घेतलेला नाही.

"न विचारता पाण्याची टाकी रिकामी केली" असंही लिहिलंय. विचारलं होतं, तुम्ही फोनवर होतात. गाडी 7,700 पौंड ओढते, या जाहिरातीवर जाऊ नका, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा : गाडीवर माणसं आणि सामान मिळून 1,290 पौंडच चालतात. ट्रेलरच्या नाकाचा गाडीच्या बॉलवर पडणारा भारही त्यातच धरायचा; कंपनीने तो 560 लिहिलाय, पण त्यात दोन भरलेले गॅस सिलिंडर (प्रत्येकी 37) आणि बॅटरी (50) धरलेली नाही. झाले 684. हिचचे (गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या सांगाड्याचे) 90, तुम्ही चौघे 480. उरले 36 पौंड, आणि डिकीत पाच बॅगा न् कूलर! म्हणून बॅगा ट्रेलरमध्ये बरोबर चाकांवर ठेवल्या. 40 गॅलन पाणी म्हणजे 332 पौंड, टाकी चाकांच्या पुढे, त्यातलाही वाटा नाकावरच येतो.

आणि वहिनी व मुलं त्या वेळात उन्हात नव्हती. 30 अँपची केबल जोडून त्याच ट्रेलरमध्ये एसी लावून दिला होता.

शेवटची ओळ लागली. "मराठी माणूस म्हणून विश्वास ठेवला, तिथेच फसलो." स्वतंत्र इन्स्पेक्टर आणून बघून घ्या, आम्ही सुचवणारही नाही कोणाला, असं फोनवर दोनदा सांगितलं होतं. "घरचंच आहे, कशाला खर्च," हे तुमचं उत्तर. आमची निम्मी गिऱ्हाइकं ट्रेलर डोळ्यांनी न पाहता दुरून घेतात, आणि फोन करायचा की नाही ते असलं वाचूनच ठरवतात.

यापुढे ईमेलमधली ती यादी फोनवरही सांगू, बॉलचा आणि प्लगचा फोटो आधी मागवू. कोपऱ्यांचंही बघतो काहीतरी, निदान पाइपने पाणी मारून.

दुरुस्तीवाल्याला वरून सिलिकॉन फासू देऊ नका. पट्टी काढून, जुनी टेप खरवडून नवी ब्यूटिल टेप घालायला लावा आणि पट्टी काढलेली असतानाचा फोटो बिलासोबत जोडा. ब्रेक कंट्रोलरच्या भागांची पावती तुमच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे, भाव एकदा ताडून बघा.